अठरा फेऱ्या

स्केटिंग क्लबातल्या हेलनचं पत्र येऊन आठवडा झाला, तरी विलासने उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात खुणेसारखं घालून ठेवलेलं होतं. शाळेतून आला की तो ते काढायचा, वाचायचा आणि पुन्हा त्याच पानात ठेवायचा.

पत्र चार ओळींचं होतं. 'एकवीस फेब्रुवारीला, रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर साडेआठला क्लबची टेस्ट आहे. ती तू घ्यावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. आग्नेलचीसुद्धा. कळव.'

"घ्यावी!" त्याची बायको लतिका हसली. "परीक्षा देतात की घेतात?"

"ती पहिल्यापासून तसंच बोलते. इंग्रजी शाळेतली ना. 'मी टेस्ट घेतली, पास झाले.' मी दर वेळी सांगायचो, विद्यार्थी देतो, मास्तर घेतो."

"म्हणूनच क्लबात तुम्हाला मास्तर नाव पडलं."

"बाकी पत्रात मात्र ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा चूक नाही. कुणाकडून तरी तपासून घेतलं असावं."

"परीक्षक कोण आहेत?"

"ते लिहिलेलं नाही."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट लतिकाला पाठ होती. स्केट्सवर सलग वीस फेऱ्या, पाय न टेकता, अशी ती टेस्ट होती. विलासच्या वीस पूर्ण झाल्या. नंतर आग्नेलच्या फेऱ्या सगळे मिळून मोजत होते. आग्नेल दमला आणि थांबला. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "वीस झाल्या ना?" सगळे म्हणाले, झाल्या. विलासच्या तोंडून निघून गेलं, "अठरा."

परीक्षकांनी सगळ्यांचीच टेस्ट रद्द केली. विलासचीही. एका शाळेत स्केटिंग शिकवायची आग्नेलची नोकरी टेस्ट पास झाल्याच्या कागदावर अडली होती, ती गेली. पुढच्या रविवारी विलासशी कोणी बोललं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो गेलाच नाही.

"गंमत बघायला बोलावलंय," तो म्हणाला. "तीन वर्षांत मी स्केट्स पायात घातलेले नाहीत. पडेन, आणि हसतील."

"मग नका जाऊ."

"नाही गेलो तर म्हणतील, घाबरला."

"म्हणू देत की. त्यांचं म्हणणं आपल्या घरात ऐकू येत नाही."

पण विलासला ते ऐकू येत होतं. त्याला बक्षीस नको होतं, कागदही नको होता. त्या पाच-सहा जणांनी एकदा नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं. ते तो लतिकाशीही बोलला नाही.

त्याने माळ्यावरून स्केट्स काढले. बेअरिंगना तेल दिलं. पहाटे बिल्डिंगखालच्या गाड्यांच्या जागेत तो फेऱ्या मारू लागला. पहिल्या दिवशी सहा झाल्या. डाव्या वळणाला पाय अजून लटपटत होता. दुसऱ्या आठवड्यात चौदा. शनिवारी अठरा झाल्या आणि तो खांबाला धरून उभा राहिला. अठराच.

संध्याकाळी त्याने पोस्टकार्ड घेतलं. तीन कार्डं फाडली. चौथ्यावर एकच ओळ राहिली. 'प्रिय हेलन, रविवारची टेस्ट मी देतो.' पत्ता लिहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आता ते हेलनच्या घरी, भुईगावला, वेळेवर पोचणार नाही. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं. हातातच देऊ.

रविवारी एव्हरशाईन वसाहतीच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर सगळे आधीच आले होते. आग्नेल बाकावर बसून नाड्या आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"आले, मास्तर आले," क्लबातला बेसिल म्हणाला. कोणी हसलं नाही. ते त्याहून वाईट वाटलं.

हेलन कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. "तुझं उत्तर नाही आलं. आम्हाला वाटलं, येत नाहीस."

"राहून गेलं."

विलास टोकाच्या बाकावर बसला. पिशवीतून स्केट्स काढून त्याने पायात चढवले. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते.

"माझा नंबर कितवा?" त्याने विचारलं.

आग्नेलने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"तुला नंबर कनाला?"

तुला कशाला! तीन आठवडे विलास ज्याला भीत होता, ते हेच वाक्य होतं. ते ऐकल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. त्याने नाड्या सोडल्या, स्केट्स पिशवीत घातले, चपला पायात सरकवल्या आणि तो फाटकाकडे चालू लागला. फाटकाशी पोस्टाची लाल पेटी होती. तिथे पोचेपर्यंत मागून पावलं धावत आली.

"विलास!" हेलनला धाप लागली होती. तिने हातातला गठ्ठा त्याच्यापुढे धरला. वरच्या कागदावर नावं होती. पहिलं आग्नेलचं, दुसरं बेसिलचं, तिसरं तिचं. प्रत्येकापुढे वीस रिकाम्या चौकटी होत्या. गठ्ठ्याला एक शिट्टी बांधलेली होती आणि लाल पेन अडकवलेलं होतं.

"पत्र चार वेळा लिहिलं मी," ती म्हणाली. "तू चुका काढशील म्हणून. या वेळी तरी बरोबर होतं ना?"

मैदानातून आग्नेल ओरडला, "अठराला वीस म्हननारे इथं लय हाईत, मास्तर! चल, मोज!"

विलासने खिशातलं कार्ड काढलं. लाल पेनाने 'देतो' खोडलं, वर 'घेतो' लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.