ड्रिलवाली मॅडम

"पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही, सर," ड्रिलवाली म्हणाली. बोलताना तिचा हात थांबला नाही. बटणाला भोकं पडली, बटण टोपलीत गेलं, दुसरं आलं.

मालक तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. भोकं पाडणाऱ्यांपैकी ही शेवटची. बाकीच्या एकेक करून रस्त्यापलीकडच्या मोठ्या कंपनीत गेल्या होत्या. हीही गेली की कारखान्याला कुलूपच. बिनभोकाची बटणं विकायची कुणाला?

"बसून बोलू या ना, मॅडम," तो म्हणाला.

तिने नेहमीसारखं मागे वळून पाहिलं. कोण मॅडम आली म्हणून.

हे 'मॅडम' भाच्याने शिकवलेलं. भाचा मोठ्या ठिकाणी नोकरीला. "मामा, माणसं टिकवायची तर त्यांना मान द्या," असं तो म्हणाला होता. मालकाने ते मनावर घेतलं. पगार कंपनीइतका केला. पाठ टेकायच्या खुर्च्या आणल्या. आवाज चढवायचं सोडलं. सगळ्यांना सर-मॅडम म्हणू लागला, आणि इतकी वर्षं सगळ्यांचा दादा होता, तोही सर झाला. तरी माणसं जातच राहिली.

बायको होती तेव्हा कारखान्यात मशीनपेक्षा तिचाच आवाज मोठा. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ती बटणं निवडायची आणि तिथूनच एकेकाची खबर घ्यायची. "मेल्या, बोट घालशील त्यात, मग नाक कशाने कोरशील?" "मेले, अंगात ताप घेऊन आलीस? ऊठ, हो घरी!" मेल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. नवराही त्यातून सुटला नव्हता. "तुमचं मेलं लक्षच नसतं," हे तर गिऱ्हाइकासमोरसुद्धा. तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती गेली. काही दिवसांनी पॉलिशच्या पिंपाचं झाकण अडकलं. "उघड की मेल्या," पॉलिशवाला झाकणाला म्हणाला. मालक हातातलं काम टाकून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सगळ्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून तो शब्द तिथे कुणी काढला नाही. त्याच सुमाराला समोर कंपनीचं फाटक उघडलं. माणसं कंपनीपायी जातात, असंच तो धरून चालला होता.

"पगार कमी पडतो का, मॅडम?"

"नाही."

"माझं काही चुकलं?"

"नाही हो. तुम्ही कुठे कुणाला काही बोलता!" तिने मशीन बंद केलं. "तिथे मॅडम म्हणतात, इथेही मॅडम म्हणतात. मॅडमच व्हायचं तर तिथे होते ना. तिथली बस दारात येते."

मालकाचे कान तापले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं डोकं फिरलं.

"मग जा की मेले!" तो ओरडला. "जा, बस त्या बसमध्ये! रोज डबा विसरतेस, तिथे कोण देणार आहे तुला आपल्यातला घास?"

पॉलिशवाल्याने पिंप थांबवलं. मालकाने घाईने स्वतःच्या तोंडावर हात धरला. आवाज त्याचा होता, पण बोलणं बायकोचं होतं.

ड्रिलवाली खाली मान घालून बसली. मनगटाने डोळे पुसले. मग तिने मशीनचा पट्टा बोटाने ओढून पाहिला.

"दादा, पुढच्या महिन्यात हा पट्टा बदलून द्या," ती म्हणाली. "सारखा घसरतो मेला."