शिडी सोडून कोणीही

"शिडीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर," मावशी म्हणाल्या आणि दात आवळून गुडघा आणखी थोडा वाकवला.

फिजिओथेरपिस्टने त्यांची टाच तळहातावर धरली होती. समोर टीव्हीवर आदल्या दिवशीचा सामना पुन्हा दाखवत होते. बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार संघ यंदाही प्रेक्षकांच्या मतांवर ठरणार होता आणि मतदान ऐन रंगात आलं होतं.

"मग तुमचे पाच कोण?"

"पोस्टमन. त्याच्यासारखा बरोब्बर पत्त्यावर पास कोणी देत नाही. मग तोफ, मांजर आणि ते जुळे भाऊ."

"जुळ्यांतला धाकटासुद्धा? मावशी, तो बाकावरून उठतो ते फक्त पाणी प्यायला."

"संधी दिली तर खेळेल की तोही."

मावशी टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिने चढणं जमेना, म्हणून त्या या इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या होत्या. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पण हातात फोन आणि गळ्यात तो आवाज असल्यावर ओळख व्हायला कितीसा वेळ लागतो?

फिजिओथेरपिस्टचे बाकीचे पेशंट व्यायामाच्या नावाने कण्हायचे, याला शिव्या घालायचे. मावशींकडे मात्र खेळाच्या गप्पांत तास कसा जायचा ते कळायचं नाही. म्हणून तो त्यांना मुद्दाम शेवटची वेळ द्यायचा, म्हणजे नंतर चहाला थांबता यायचं. त्यांना खेळातलं कळायचंही बारीक. फक्त शिडीचा विषय निघाला की गाडी रुळावरून घसरायची.

आणि हा तर शिडीचा भक्त. शिडी म्हणजे लीगमधला सर्वांत उंच खेळाडू. हवेत एकेक पायरी चढत गेल्यासारखा वर जातो, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलेलं. पण त्याने उडी मारली की मावशी सरळ टीव्हीवरून नजर काढून खिडकीबाहेर बघायच्या. तो खाली आला की मगच मान वळवायच्या. कोणाचा इतका राग करावा माणसाने?

"बघ, समोर कोणी नसतानाही नेम चुकतो," त्या म्हणायच्या. "गालफडं बसलीत नुसती. हा काय खेळणार?"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. एकदा तो आला तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून मावशींचा ठेवणीतला आवाज ऐकू येत होता. "नमस्कार, तळमजल्यावरून बोलतेय. मत दिलंत का? कोणाला? शिडीला? अहो, कुठे त्याच्या नादी लागता! जुळ्यांतल्या धाकट्याला द्या. बिचारा गुणी आहे."

फोन ठेवून त्यांनी लगेच दुसरा नंबर फिरवला. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी, भाजीवाली, औषधाच्या दुकानातला माणूस, कोणालाही सोडलं नाही.

"हे बरं नाही मावशी," तो न राहवून म्हणाला. "एवढं चांगलं तो आजवर कधी खेळला नव्हता. ऑल-स्टारसाठी लीग चार दिवस थांबेल. निवड झाली नाही तर सगळे तिथे मिरवतील आणि हा चार दिवस घरी बसेल."

"बसू दे. घरी बसून कोणी मरत नाही."

"पण त्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

मावशींनी पाय लांब केला. "त्याने? काही नाही."

निकाल लागला. शिडी अगदी थोडक्यात हुकला आणि जुळ्यांतला धाकटा संघात आला.

त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट "वाकवा" आणि "सोडा" याखेरीज काही बोलला नाही. मावशी मात्र खुशीत होत्या. न कुरकुरता गुडघा वाकवत होत्या, मध्येच काहीतरी गुणगुणत होत्या. ते त्याला जास्तच लागलं.

"शनिवारी येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पाहुणे आहेत."

"बरं." तो चहाला न थांबता निघाला. पण दारापाशी पाय अडखळला. "दुसऱ्याच्या मेहनतीवर असं पाणी फिरवताना काहीच वाटत नाही का हो तुम्हाला?"

मावशींचं गुणगुणणं थांबलं.

"वाटतं रे," त्या म्हणाल्या. "रात्रभर वाटत होतं."

शनिवारी दुपारी ऑल-स्टार सामना लागला. तो घरी एकटाच बघत बसला. जुळ्यांतल्या धाकट्याने हातात आलेला पास सोडला, तेव्हा मावशींना डिवचायला म्हणून त्याने सवयीने बाजूला मान वळवली. बाजूला कोणीच नव्हतं.

मग त्याला चैन पडेना. त्या म्हाताऱ्या बाईला आपण फार तोडून बोललो. त्यांच्याकडे पाहुणे येतात कुठले? इतक्या महिन्यांत एक माणूस आलेला पाहिला नव्हता. आपलं तोंड बघायला नको म्हणूनच त्यांनी ती सबब काढली असणार. शेवटी खेळच तो, त्यापायी एवढा अबोला कशाला? त्याने टीव्ही बंद केला, चपला सरकवल्या आणि तडक निघाला. 'मावशी, चुकलं माझं,' हे वाक्य वाटेत घोकून ठेवलं.

बेल वाजवली. आतून भांड्यांचा आणि मावशींच्या हसण्याचा आवाज आला. मग जड पावलं.

दार उघडलं आणि त्याला आधी फक्त शर्टाची बटणं दिसली. त्याने मान वर केली. आणखी वर केली.

शिडीने तोंडातला घास गिळला, चौकटीखालून मान वाकवून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मागे वळून हाक मारली, "आई, तुझे डॉक्टर आलेत गं."