तोरणाखालची जोडी

तोरण बांधून झालं, झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून म्हणून लोकांचे घसे बसले, तरी एकही बैल पुढं सरकेना. झरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावात पोळ्याची रीत ठरलेली होती. पहिली जोडी गढीवरच्या राजाची. ती खालून गेली की तोरण तुटायचं. मग पाटलाची, मग बाकीच्यांची आणि सगळ्यांत शेवटी गावाबाहेरच्या वस्तीची. पण यंदा राजाकडं बैलच नव्हते.

असणार कुठून? राजा उत्तमसिंग सत्याग्रहात जंगलचं गवत कापून जेलात गेला, आणि इंग्रजानं दंडापायी त्याची जोडी ओढून नेली. कालच तो सुटून आला होता. त्यात कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून बैलांच्या अंगावर नव्या झुली नव्हत्या, जुनी लुगडी होती. शिंगं मात्र सगळ्यांनी रंगवली होती.

उतरत्या उन्हात धूळ तरंगत होती. मधूनच एखादं घुंगरू झोपेत बोलल्यासारखं वाजायचं. जेलात डोळे मिटले की उत्तमसिंगाला हेच दिसायचं: सगळे बैल एकदमच तोरणाखालून चाललेत, कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. आता डोळे उघडे होते, तरी तो त्या स्वप्नातच उभा होता आणि त्याला फार आनंद होत होता.

"माझी जोडी न्या सरकार," पाटील धरमसिंग म्हणाला. "तुमच्या नावानं जाऊ द्या."

"नावानंही नको. लंडनचा राजा नको म्हणून मी जेलात गेलो, अन् गावातला ठेवू? आपण असे रांगेनं उभे राह्यलो, म्हणून तर तो इतक्या दुरून राज्य करून राह्यला. देश एक व्हायचा असंल तर पहिले ही रांग मोडा. आजपासून इथं कोणी राजा नाही. ज्याले वाटंल त्यानं पुढं व्हावं."

"जी सरकार!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं, आणि जागचं कोणी हललं नाही.

आता याला काय म्हणावं! उत्तमसिंग पुन्हा बोलला, पुन्हा सगळे "जी सरकार" म्हणाले. ऊन आणखी खाली आलं. शेवटी म्हातारी रामीबाई वैतागली.

"राजा नसंल तं नसो बाप्पा! बैलाचा निवद घरी थंडा होऊन राह्यला. तोरण तुटल्याबिगर बैल घरी नेता येते का? बैल नाहीत तं तुमीच चाला तोरणाखालून."

लोक हसले. उत्तमसिंग हसला नाही.

"चालतो. पण एकटा बैल तोरणाखालून जात नाही, जोडी लागते. कोण येतं माझ्यासंगं?"

पटापट माना खाली गेल्या. राजाच्या खांद्याला खांदा लावून चालायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? उत्तमसिंग रांगेच्या कडेनं चालत गेला. धरमसिंग उगाच बैलाचं बाशिंग सारखं करत बसला. चालता चालता रांग संपली. तिथं आपले दोन हाडकुळे बैल धरून गावाबाहेरच्या वस्तीतला उकंडा उभा होता, शेजारी त्याची बायको सत्यभामा.

"येतोस, उकंडा?"

उकंडानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा लांबून पाटलाकडं.

"हुकूम हाय का, सरकार?"

'हो' हा शब्द उत्तमसिंगाच्या अगदी ओठावर आला. बापजाद्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? हो म्हटलं की उकंडा मुकाट येणार, तोरण तुटणार, जेलातलं स्वप्न खरं होणार. त्यानं तो शब्द कसाबसा गिळला.

"नाही. हुकूम नाही."

"असता तं बरं होतं," उकंडा हळूच म्हणाला. "तुमी उद्या परत जेलात जासान. मले इथंच राह्यचं हाय. कोणी आंगावर आलं तं सांगता आलं असतं, राजाचा हुकूम होता म्हून."

उत्तमसिंगाला लाज वाटली. इतकी भाषणं केली, पण हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो माघारी वळला.

मागं उकंडानं कासरा बायकोच्या हातात दिला. "धर."

"कायले जाता जी? हुकूम नाही म्हन्ते ना थो!"

"म्हूनच चाललो."

दोघं निघाले. उकंडा सवयीनं अर्धं पाऊल मागं. त्याला बरोबरीनं घ्यावं म्हणून उत्तमसिंगानं चाल कमी केली, तर उकंडानंही केली. हा थांबे, तोही थांबे. असं करता करता तोरणाखाली येऊन दोघंही चक्क उभेच राहिले.

"हॅऽऽ! चाला ना बे!" रामीबाई ओरडली, जशी बैलावर ओरडायची तशीच.

दोघं दचकले आणि एकदमच पुढं झाले. दोघांचेही हात वर गेले, दोरी ताडकन तुटली, आंब्याची पानं अंगावर आली. डफडं वाजलं. बैलांना कुठली आली रांग? तोरण पडताच सगळे उधळले ते मालकांना ओढतच निघाले. "अरे धरा! धरा!" धरमसिंग बोंबलत होता. त्याच्या बैलांना खांदे घासत सत्यभामेची जोडी धावत होती. ती दोन्ही हातांनी कासरा धरून बैलांमागं ओढली जात होती आणि हसत होती.

धुळीतून पाटलानं उकंडाकडं पाहिलं. ती नजर उत्तमसिंगालाही दिसली.

"भेव वाटते?" त्यानं विचारलं.

"वाटते ना," उकंडा म्हणाला. "पन उद्याचं उद्या पाहू, उत्तमसिंग."