पान एकशे बारा

गहिनीनाथ वकिलानं टेबलावर पुस्तक ठेवलं आणि मार्तंडराव धर्माधिकाऱ्यांनी ते लांबूनच ओळखलं. पुस्तक त्यांचंच होतं. पुराव्याच्या कायद्यावरचं, मराठीतून लिहिलेलं. नगरच्या लॉ कॉलेजात हाच गहिनीनाथ त्यांच्या विषयात पहिला आला, तेव्हा त्यांनीच ते बक्षीस म्हणून सही करून दिलं होतं.

नेवाशाच्या कोर्टात राहीबाई साक्षीला उभी होती. नवऱ्यानं टाकलेली, माहेरच्या तीन एकरांवर जगणारी. ते तीन एकरही भावानं, पुंजारामानं, लिहून घेतले होते. विहिरीवर इजेची मोटार बसवायचीय, अर्जावर अंगठा दे, असं सांगून. मार्तंडराव तिचे वकील, गहिनीनाथ भावाचा.

"रजिस्टर कचेरीत कागद वाचून दाखवला ना तुम्हाला?" गहिनीनाथानं विचारलं.

"वाचला की. कारकुनानं, भराभरा."

"आणि समजला का, म्हणून विचारलं?"

"पुंजानं इचारलं. म्या व्हय म्हनलं."

"न समजताच?"

"आवं, भाऊ इचारीत हुता," राहीबाई म्हणाली.

साक्ष संपली. युक्तिवादाला गहिनीनाथानं पुस्तक उघडलं. "पान एकशे बारा. 'दस्त वाचून दाखवला आणि समजल्याची कबुली दिली, की मग निरक्षरतेची सबब ऐकू नये.'" वाचताना त्यानं मान वर केली नाही. त्याचं तरी काय चुकलं? जे शिकला तेच बोलत होता बिचारा.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "धर्माधिकारी, मत आपलंच ना हे?"

मार्तंडराव उठले. बारा वर्षं हे वाक्य त्यांनी वर्गात ठासून सांगितलं होतं. तिसरी आवृत्ती छापखान्यात होती. मागच्या बाकांवर बसलेले निम्मे वकील त्यांच्याच हाताखाली शिकलेले. खोटं ठरवावं तर साऱ्या जिल्ह्यात शोभा, खरं म्हणावं तर बाई रस्त्यावर.

"माझंच आहे, साहेब. आणि ते चूक आहे. भावापुढं व्हय म्हणणं म्हणजे समजणं नव्हे. मी ते घरात बसून लिहिलं. ही बाई तेव्हा मी पाहिली नव्हती."

न्यायाधीशांनी वाक्य उतरवून घेतलं आणि निकालाची पुढची तारीख दिली.

बाहेर लिंबाखाली गहिनीनाथ आला. पुस्तक पुढं करून म्हणाला, "सर, तुमच्याच हातानं खोडून द्या."

मार्तंडरावांनी पेन काढलं, ओळीवर रेघ ओढली. राहीबाई वाकून बघत होती.

"वकीलसायेब, हे बुक लई पोरं शिकली आसत्याल?"

"हजारभर तरी."

राहीबाईनं पदर सावरला. मग त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मंग माज्यासारख्या व्हय म्हनलेल्या किती बायांची जमीन गेली वो?"