शेवटचं दळण

दगड कधी खोटं बोलत नाही, असं प्रयोगशाळेच्या दारावर कोरलं होतं. खाली बारीक अक्षरांत होतं, 'निकालाची हमी नाही.'

धरणाच्या पाण्यात आई गेली तेव्हा केरबा सहा महिन्यांचा होता. यंदा धरण आटलं, तसं साठीच्या केरबाने तळातून तिचं जातं उकरून आणलं.

"ओव्या निघतील का?"

"काका, दगडात शेवटच्या दळणाचाच आवाज उरतो," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

आधी घरघर आली. मग लांबून सरकारी जीपचा कर्णा: "पाणी सोमवारी येणार! गाव खाली करा!"

मग अगदी जवळून एक बाई म्हणाली, "रडू नको रे केरबा. सोमवार लांब आहे, एवढं दळण होऊ दे."

"आईच ना, काका?"

"असणार. नाव घेतलं ना."

पाणी शनिवारी आलं होतं.