टाकीचा शेवटचा पत्रा

अली दुबईहून सुट्टीवर भाट्याला आला, तो वेल्डिंगची नवी मशीन घेऊनच. तिच्या पिस्तुलासारख्या दांड्याचा घोडा दाबला की वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकायची. हात बसला तर परत जायचंच नाही, असं त्याने बायकोला, आसियाला, सांगून टाकलं होतं. पण हात काही बसेना. वेल्डिंग कोंबडी शिटल्यासारखं पडायचं, आवाज फुटका यायचा. मिरजोळ्याचे वेल्डर म्हणत, "आवाजावर जा. तव्यावर बांगडा तळतोय असा एकसारखा आला, की जमलं समज."

त्या दुपारी पडवीत तो पाण्याच्या टाकीचा शेवटचा पत्रा जोडत होता. टाकीचं तोंड नंतर कापायचं होतं. वीतभर फट उरली असेल, आणि आवाज आला. अगदी एकसारखा.

"आसिया! आयकलंस काय?" हरखून त्याने घोडा सोडला, डोळ्यांवरची काळी काच वर केली.

आवाज थांबला नाही.

घोडा अडकला असेल म्हणून त्याने प्लग उपटला. बांगडा तळतच राहिला. टाकीच्या आत.

सकाळी त्याने स्वतःच्या हाताने ती टाकी आतून पुसून घेतली होती.

आसिया दारात खिळली होती. पत्र्याच्या पलीकडच्या कोपऱ्यातून वेल्डिंगची एक तापलेली लाल रेघ सांध्यावरून सरकत येत होती. सरळ, मुरलेल्या हाताची.

"अवो," ती कसंबसं म्हणाली, "आत कोन ऱ्हायला?"

रेघ फटीपाशी पोचली, आणि फट आतून बंद होत गेली.