मिटल्या तोंडाची भीमाबाई

चित्रावरची चादर बाजूला ओढल्यावर पहिलं कौतुक चौकटीचं झालं. "सागवान हाय का बाई?" भीमाबाईच्या सुनेने, शोभाने विचारलं. दुसरं कौतुक नथीचं, तिसरं लुगड्याच्या हिरव्या रंगाचं. चेहऱ्याची पाळी चौथी आली आणि तिथे बाया गप्प झाल्या.

वसुंधराबाई भीमाबाईचं हे चित्र खांदा कॉलनीहून उलव्यापर्यंत रिक्षात मांडीवर उभं धरून घेऊन आल्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झालेल्या. भीमाबाईशी त्यांची वीस वर्षांची मैत्री, शाळेच्या फाटकापाशी वालाच्या शेंगा घेता घेता जमलेली. काल भीमाबाईचं बारावं झालं. मधल्या दिवसांत बाईंनी चित्राखेरीज दुसरं काही केलं नव्हतं, आणि हे त्यांनी आल्यापासून दोनदा सांगितलंही होतं.

"पुढच्या पोरांना कळायला हवं, आपली धवलारीण कशी होती ते," बाई म्हणाल्या.

गावात भटजी यायचे, अंतरपाट धरायचे, सगळं व्हायचं. पण भीमाबाईने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी धरत नसे. गाव विमानतळात गेलं, माणसं उलव्याच्या प्लॉटवर आली, तरी हा नियम तेवढा सामानाबरोबर आला होता.

म्हातारा बुधाजी काठी टेकत चित्राजवळ गेला. बायकोकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"बेस काडलंय. पन तोंड मिटलंय."

"तो शांत भाव आहे, दादा."

"शांत?" बुधाजीने मान हलवली. "पन्नास वर्सं संसार केला मी हिच्यासंगं. असं मिटलेलं तोंड एकदाच बगितलं. बारा दिस झाले त्याला."

कोणीतरी पदर तोंडाला लावला. शोभाने बाईंसाठी आणलेला चहा तसाच परत आत नेला आणि आत कशाला नेला हे न कळून पुन्हा बाहेर आणला.

"बाई, धवले म्हणताना आजी कशी दिसायची ते आठवून काढा ना," शोभाची मुलगी कीर्ती म्हणाली. माघात तिचं लग्न होतं. "माझ्या मांडवात लावायचाय फोटो."

"हो, म्हणजे..." बाई म्हणाल्या.

भीमाबाईने घरी येऊन स्वतः दिलेली लग्नांची आवतणं नऊ. तीन वेळा बाईंना पेपर तपासायचे होते, दोनदा पाहुणे होते, एकदा गुडघा. उरलेल्या तीन वेळांचं कारण बाईंनाही आता आठवेना. भीमाबाईने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लग्नातलं जेवण डब्यात घेऊन दारात हजर व्हायची, आणि बाई तिला म्हणायच्या, "पुढच्या वेळी नक्की गं."

"तुमी तिला ऐकलंच नाय कवा," शोभा म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

बाईंनी पिशवीतून रंग काढले. "तोंड मी आत्ता उघडते. कीर्ती, व्हिडिओ असेल ना एखादा?"

"सगळे बघून झाले. नवरी आहे, मेंदी आहे, आजीचा नुसता हात आलाय. आणि आवाज डीजेचा."

"मग तुमच्यापैकी कोणीतरी म्हणा. एकच ओळ. ओठ कसे होतात तेवढं बघते."

"काल बारावं झालं आन आज धवला?" एका बाईने डोळे वटारले.

"तिच्या घरात तिचाच धवला," बुधाजी म्हणाला. "कोन इटाळ धरील? म्हना."

बाया पुढे सरकल्या. भीमाबाईच्या मागे बसून वर्षानुवर्षं गायलेल्या सहाजणी. त्यांनी पदर सारखे केले, मांड्या घातल्या, एकमेकींना कोपराने जागा करून दिली. कीर्ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी ब्रश ओठांच्या रेषेपाशी नेला आणि बायांकडे वळून पाहिलं.

सहा तोंडं उघडली.

"हं, म्हणा," बाई म्हणाल्या.

कोणीच म्हणेना. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. शेवटी सगळ्या शोभाकडे बघायला लागल्या.

"आमी मागून उचलायचो, बाई," शोभा हळूच म्हणाली. "पयली ओळ तीच द्यायची."

"मग दुसरी ओळ म्हणा. मधली कुठलीही."

"पयलीबिगर दुसरी कशी येनार?"

कीर्ती भिंतीपासून सुटी झाली. "म्हणजे माझ्या लग्नात...?"

सहाजणी चित्रासमोर तशाच बसून राहिल्या, उठायचं कोणाला सुचेना. बाईंच्या ब्रशवरचा लाल रंग फरशीवर ठिबकला.

बुधाजीने हात वर करून सगळ्यांना थोपवलं.

"घाई नका करू," चित्राकडे बघत तो म्हणाला. "दम घेऊ द्या तिला."